सर्दी असल्यास येऊ नये

बस वर्कशॉपच्या स्टोअरमधून जळका दिवा जमा केल्याशिवाय नवा दिवा बाहेर पडत नसे. तसा नियम भिंतीवर लिहिलेला होता, पण तो वाचायची वेळ कुणावर येत नसे, कारण भिंतीच्या पुढ्यात स्टोअरबाई बसलेल्या असत. एकदा वर्कशॉपचे मोठे साहेब स्वतः आले आणि जळका दिवा वर केबिनमध्येच राहिला म्हणाले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दिवा दिला नाही. साहेब दोन जिने चढून जळका दिवा घेऊन आले. मिस्त्री तेव्हापासून सांगत फिरायचे की उद्या ह्या बाई स्वर्गाच्या दारात गेल्या तर पहारेकऱ्यालाच विचारतील, जुनं शरीर जमा केल्याची पावती कुठंय.

बाईंना यात हसण्यासारखं काही वाटत नसे. जे छापलेलं असतं ते कुणीतरी विचार करून छापलेलं असतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं दिसलं की त्या मोजून दहा वेळा हलवत. माणसाच्या जिवावर त्याचे दुर्गुण उठतात असं म्हणतात. बाईंचा हा गुणच त्यांच्या लेकीच्या कानावर उठला.

लेक सहा वर्षांची. वर्कशॉपभर तिला बटण म्हणत, कारण तान्ही असताना काउंटरवर बसवली की ती बटणासारखी गोल आणि गप्प बसून राही. बटणाचा कान दुसऱ्या वर्षापासून पिकायचा. आधी नाक गळायचं, मग ताप, मग ती उशीवर कान घासून रडायची आणि सकाळी उशीवर पिवळा डाग असायचा. कोपऱ्यावरचे डॉक्टर औषध लिहून देत. ताप उतरे, ठणका थांबे, घरातले सगळे हुश्श करत. सहाव्या वर्षात तर असं पाच वेळा झालं. ठणका थांबला तरी कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी मात्र जात नसे. ते आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्काम ठोकून बसे, आणि तेवढे दिवस बटणाला सगळं जग कापसाच्या बोळ्यातून ऐकू येई. हे बाईंना नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पोरीला हाक मारावी तर वळत नाही.

ओळखलं ते सासूबाईंनी. त्या स्वतः डाव्या कानाने अधू, आणि चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. त्यांनी सुनेला सांगितलं की ही पोर बोलणाऱ्याचे डोळे बघत नाही, ओठ बघते. बाईंचे यजमान लांब पल्ल्याची बस चालवत आणि तीन दिवसांनी घरी येत. ते म्हणाले, मीही लहानपणी असाच होतो, मोठी झाली की होईल बरी.

"होतास ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर अजून तुला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयातल्या कानाच्या विभागाची चिठ्ठी दिली आणि पुढे काय होईल तेही समजावलं. पडद्याला बारीकसा छेद देतात, मागचं पाणी ओढून घेतात आणि तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवतात. मग कानाला आतून हवा लागते. वर्षभरात नळी आपली आपण गळून पडते. मात्र तिथले डॉक्टर पडद्यामागचं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नळी बसवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. जो कान आपणहून बरा होणार, त्याला भोक कशाला पाडायचं. बाईंना हे मनापासून पटलं. जळका दिवा दाखवा, नवा घ्या. त्यांच्याच जातीचा नियम होता.

आठ दिवसांत निळसर कार्ड आलं. वर तारीख, वेळ, खिडकी क्रमांक. खाली जाड अक्षरात एक ओळ. 'मुलास सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास येऊ नये. फोन करून पुढील तारीख घ्यावी.'

पहिल्या तारखेला बटणाचं नाक वाहत होतं. बाईंनी फोन केला. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी खोकला सुरू झाला. पुन्हा फोन, पुन्हा सात आठवडे. तिसऱ्या वेळी कान वाहत होता, ताप होता, पोर कुणाचंच बोलणं समजत नसल्यासारखी कोपऱ्यात बसून होती. बाईंनी तरीही फोनच केला, वर फोनवरच्या माणसाला त्रासाबद्दल माफीही मागितली. चौथ्या तारखेला, काय योग होता कोण जाणे, बटणाचं नाक कोरडं ठणठणीत. बाई तिला न्हाऊमाखू घालून घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा स्वच्छ. मग ऐकण्याची चाचणी झाली. कानावर यंत्र लावून आवाज आला की पाटीवर एक खुंटी बसवायची. बटणाने एकही आवाज सोडला नाही. कार्डावर शिक्का बसला: 'ऐकणे सामान्य. वाट पाहावी.' शिक्क्याखाली पुढच्या तपासणीची पाचवी तारीख.

दहाव्या दिवशी सर्दी आली, तेराव्या दिवशी कान पिकला.

आता शाळेचं. बटणाची टीचर काही वाईट बाई नव्हती. चाळीस मुलं, एक फळा आणि वरच्यांचा धाक असलेली साधी नोकरदार बाई. तिने बटणाच्या डायरीत पहिल्यांदा लिहिलं, लक्ष नसते. मग लिहिलं, तीनदा सांगून उत्तर देत नाही. मग लिहिलं, इतर मुलांची नक्कल करते, स्वतः विचार करत नाही. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही, त्या बाबतीत टीचर नेटकी होती. पाचव्या नोंदीनंतर तिने बटणाला शेवटच्या बाकावर बसवलं, म्हणजे बाकीच्यांना त्रास नको. जिला पहिल्या बाकावरून ऐकू येत नव्हतं, तिला सहा बाकं मागे नेलं.

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दुखणं रेड्याला, डाग पखालीला."

बाईंनी रुग्णालयाचं शिक्का मारलेलं कार्ड विश्वासाने शाळेत नेऊन दाखवलं होतं. त्यांचा हेतू होता की आम्ही हयगय करत नाही हे टीचरला कळावं. टीचरने 'ऐकणे सामान्य' वाचलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणजे कान चांगले आहेत, ती म्हणाली. म्हणजे हा हट्टीपणा झाला. आणि मग तिने सांगितलं की महिनाअखेरच्या बैठकीत ती बटणाला याच वर्गात ठेवायची शिफारस करणार आहे, झालंच तर मंद मुलांसाठी वेगळा वर्ग असतो त्याचाही विचार करावा. बाई त्या बुटक्या खुर्चीवर बसून ऐकत राहिल्या. हातातल्या कार्डावर शिक्का होता, त्याच्याशी भांडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या नावावरही एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मधला एक दिवस. उकळतं पाणी घेऊन त्या स्वयंपाकघरातून न्हाणीकडे निघाल्या होत्या आणि बटण दारात पाठमोरी बसून चमच्यांशी खेळत होती. बाईंनी तीनदा सांगितलं. पोर हलली नाही. बाईंचा तोल गेला आणि पाणी तिच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडलं. भांडं खाली ठेवून बाईंनी तिला एक थोबाडीत दिली, हाताला झिणझिण्या याव्यात अशी. बटण रडली नाही. गालावर हात ठेवून आईच्या ओठांकडे बघत राहिली.

पाचवी तारीख दोन दिवसांवर आली आणि बटण सकाळपासून शिंकत होती. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचं ठरवलं. त्याआधी काउंटरवर एक भांडण आलं. एक चालक चौथ्यांदा तक्रार घेऊन आला होता की त्याची बस भर रस्त्यात चढावर बंद पडते, आणि मिस्त्री म्हणत होते की गाडीला काहीही झालेलं नाही. चालक म्हणाला, मी खोटं बोलतो काय. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"तू रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी आणतोस आणि गरम झाल्यावरचं दुखणं सांगतोस," ते म्हणाले. "थंड गाडी कशाला कुरकुरेल. बंद पडेल ना, तेव्हा तशीच ओढून आण. रोग अंगात असताना बघायचा असतो, बाबा. नंतर काय, फोटो काढायचाय?"

बाईंचा पेन रजिस्टरवर थांबला. चालक गेल्यावर त्यांनी मिस्त्रींना विचारलं की समजा, वर्कशॉपच्या दारावरच लिहिलेलं असलं की बंद गाडी आत आणू नये, तर काय करायचं.

"तर आधी ती पाटी लिहिणाऱ्याला ओढून आणायचं," मिस्त्री म्हणाले. मग त्यांना बाईंचा चेहरा दिसला आणि त्यांनी पुढचा विनोद गिळला.

बाईंनी फोन केला नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात छापलेल्या ओळीविरुद्ध जायची ती त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे तारखेच्या दिवशी रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना त्यांना चोरी करायला आल्यासारखं वाटत होतं. बटणाचं नाक त्यांनी दारातच तीनदा पुसलं.

कानाच्या विभागातली खिडकी इतकी खाली होती की कुणालाही वाकूनच बोलावं लागे. आत शिक्केवाला बसलेला. टेबलावर शिक्के उंचीप्रमाणे लावलेले, रजिस्टरं कडेला कड जुळवून ठेवलेली. एरवी बाईंना तो माणूस आवडला असता. त्याने कार्ड घेतलं, शिक्का उचलला, आणि नेमकी तेव्हाच बटण शिंकली.

शिक्का हवेत राहिला. त्याने खिडकीतून वाकून पोरीकडे बघितलं, नाक बघितलं, आणि कार्ड परत सरकवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

बाईंनी सांगितलं की कान सर्दी असतानाच बंद होतात, बरी असताना तिला ऐकू येतं, तेव्हा तपासून काय उपयोग. शिक्केवाला शांतपणे म्हणाला की त्यांचं म्हणणं त्याला समजतं. बाई म्हणाल्या, माझ्या मुलीला वर्गात मागे ठेवताहेत. तो म्हणाला की त्याला वाईट वाटतं.

"पण बाई," तो म्हणाला, "लिहिलेलं आहे."

हे वाक्य बाईंनी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल त्याला हिशेब नव्हता. असंच शांतपणे, असंच बोट ठेवून. ते दुसऱ्या बाजूने कसं लागतं हे त्यांना प्रथमच कळलं. त्या बाकावर येऊन बसल्या. घरी जायला पाय उचलेना आणि आत जायचा रस्ता नव्हता.

बसल्या बसल्या त्यांनी सभोवार बघितलं. बाकांवर पंधरा-वीस मुलं होती. दोन मुली पाठशिवणी खेळत होत्या. एक पोर आजोबांच्या मांडीवरून घसरगुंडी करत होतं. एक मुलगी हॉलच्या त्या टोकाच्या मैत्रिणीशी कुजबुजत्या आवाजात बोलत होती आणि तिला उत्तर मिळत होतं. एकाचंही नाक वाहत नव्हतं. कानाच्या त्या अख्ख्या विभागात आजारी कान फक्त बाईंच्या शेजारी बसलेले होते, आणि त्यांनाच परत पाठवलं होतं.

आजोबांच्या हातात एक पिवळा कागद होता. आजोबांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून त्यांनी बाईंना तो वाचून दाखवायला सांगितलं. नातवाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या दिवशी पाळायच्या सूचना. रात्रीपासून उपाशी ठेवावे. दागिने काढावेत. आणि तिसरी सूचना: 'मुलास सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास येऊ नये. फोन करून पुढील तारीख घ्यावी.' भूल द्यायची म्हणून, आजोबांनी समजावलं. सर्दीत भूल दिली तर श्वासाला धोका, त्यांना नर्सने सांगितलं होतं.

इथे दुसरं कुणी असतं तर कागद परत देऊन मोकळं झालं असतं. बाईंनी तो उलटा करून कोपरा बघितला. छापील कागदाच्या कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक असतो. तो जगात फक्त छापणारा आणि स्टोअर सांभाळणारा वाचतो. पिवळ्या कागदावर लिहिलेलं होतं: क-१७. बाईंनी आपलं निळं कार्ड काढलं. वरच्या कोपऱ्यात होतं क-११. आणि खाली, त्या जाड ओळीच्या शेपटीला, मुंगीएवढ्या अक्षरात: क-१७.

एका कागदावर दोन क्रमांक. स्टोअरच्या भाषेत याचा एकच अर्थ होतो. एका मालाचं लेबल भलत्याच मालावर डकवलं गेलंय.

बाईंच्या कानशिलात काहीतरी तापायला लागलं. त्यांनी बटणाचा हात धरला, आजोबांचा कागद उसना घेतला आणि खिडकीशी गेल्या. यावेळी त्या वाकल्या नाहीत. उभ्या उभ्याच दोन्ही कागद आत सरकवले आणि विचारलं की ही कार्डं कधी छापून आली. शिक्केवाल्याने क्रमांक बघितले, पुन्हा बघितले, आणि त्याच्या मानेवरची शीर हलली. जुनी संपली तेव्हा नवी आली, तो म्हणाला, चौदा महिने झाले असतील. आधीच्या कार्डावर ही ओळ होती का, बाईंनी विचारलं. तो आठवू लागला. नव्हती, असं शेवटी त्याच्या तोंडून निघालं.

"आणि फोन आल्यावर तुम्ही तारीख पुढे ढकलता, ते कुठे लिहिता?"

तो नेटका माणूस होता, त्याने अर्थातच लिहिलं होतं. वेगळं रजिस्टरच होतं, आखलेलं. बाईंनी पहिलं पान बघितलं. मुलाचं नाव, वय, तारीख, कारण: सर्दी, पुढे. सर्दी, पुढे. ताप, पुढे. कान वाहतो, पुढे. पान उलटलं तर तेच, पुढच्या पानावर तेच, आणि त्या रकान्यांत कुठेतरी तीन ठिकाणी बटण होती. चौदा महिने ज्या ज्या पोराचा कान बंद होता, ते ते पोर या सुरेख अक्षरात दाराबाहेर लिहिलं गेलं होतं.

"दादा," बाई म्हणाल्या, आणि हॉलमधली बोलणी थांबली, कारण बाईंचा आवाज वर्षभर बहिऱ्या पोरीशी बोलून चांगलाच चढलेला होता, "तुम्ही इथे बसून चौदा महिने चांगले कान आत सोडलेत आणि दुखरे कान घरी पाठवलेत. आणि मी माझ्या पोरीचा कान हातात धरून तीनदा तुम्हाला फोन केला, वर तुमची माफीही मागितली. हे रजिस्टर तुम्ही आत नेता की मी नेऊ?"

बाकावरच्या आया आपापली कार्डं पर्समधून काढून कोपरे बघायला लागल्या होत्या. शिक्केवाल्याने शिक्के बाजूला सारले, रजिस्टर उचललं आणि स्वतः दार उघडलं.

आतले कानाचे डॉक्टर हुशार आणि घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही कागद बघितले. मग त्यांनी आधी पोरीला खुर्चीवर बसवलं. उजव्या कानात बघितलं. डाव्या कानात बघितलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी भरलेलं, पिवळसर, घट्ट. चाचणीच्या खोलीत बटणाने मुठीत खुंट्या घेतल्या आणि चाचणी घेणाऱ्या मुलीच्या ओठांकडे बघत बसली. ती मुलगी यंत्राकडे वळली तेव्हा बटणाच्या चेहऱ्यावरून सगळं पुसल्यासारखं झालं. आवाज सुरू झाले. काचेबाहेर बाईंना यंत्रावरचा दिवा लागलेला दिसत होता, विझलेला दिसत होता, पुन्हा लागलेला दिसत होता. खुंट्या मुठीतच होत्या.

डॉक्टर म्हणाले की वर्षात पाच वेळा पिकलेले कान आणि आता दोन्हीकडे पाणी, म्हणजे नळ्या बसवायच्याच, महिना अजिबात घालवायचा नाही. मग, बहुधा स्वतःशीच, म्हणाले की यंदा तपासायला येणारी मुलं आपोआप बरी होताना दिसत होती. त्यांनी तसं एका बैठकीत सांगितलंही होतं.

"होणारच," बाई म्हणाल्या. "आजारी मुलांना तुमच्या दारात बंदी होती."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांनी सांगितलं की छापील मजकूर बदलायला वरून मंजुरी लागते, ते आजच कळवतील, आणि झाल्या प्रकाराबद्दल त्यांना खरोखर खेद वाटतो. खेद बाईंनी बाजूला ठेवला. त्यांनी पर्समधून लाल पेन काढला. स्टोअरमध्ये छापील नोंद चुकली तर मंजुरीची वाट बघत माल अडवून ठेवत नाहीत. ओळ खोडतात आणि खाडाखोडीवर जबाबदार माणसाची सही घेतात. त्यांनी आपल्या निळ्या कार्डावरची ती ओळ पट्टी धरल्यासारखी सरळ खोडली. छापलेलं खोडायची त्या हाताला सवय नव्हती. मग कार्ड डॉक्टरांपुढे सरकवलं.

"इथे सही करा. आणि बाहेर जी गठ्ठाभर कार्डं आहेत, त्यांच्यावरही. मंजुरी येईपर्यंत ती पोरं मोठी होतील. आणि रजिस्टरमधल्या सगळ्यांना फोन लावा. त्यांना सांगा, सर्दी असेल तर या."

डॉक्टरांनी सही केली. मग शिक्केवाला गठ्ठा घेऊन आला आणि त्यांनी त्यावरही सह्या केल्या; दुपारपर्यंत विभाग त्यामुळे उशिरा चालला आणि रांगेतल्या एकानेही कुरकुर केली नाही.

ऑपरेशनच्या तारखेला सकाळी बटणाला पडसं होतं. बाईंनी आपणहून फोन लावला. पलीकडे शिक्केवाला होता. तुम्ही फोन करताय, त्याने चकित होऊन विचारलं. बाई म्हणाल्या की नियम आता त्याच्या जागेवर आहे, मग मी का मोडू. आठवड्याने नळ्या बसल्या. बारा मिनिटांचं काम होतं. पाणी डिंकासारखं निघालं, असं डॉक्टर म्हणाले. जागी झाल्यावर बटणाने ढकलगाडीच्या कुरकुरणाऱ्या चाकाकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं. त्या रात्री तिने आजीला सांगितलं की फ्रिज बोलतो. सासूबाई म्हणाल्या, बोलत असेल बाई, मला तर तो कधी बोलला नाही.

महिनाअखेरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी बाई शाळेत गेल्या. यावेळी कार्ड एकटं नव्हतं. त्यांनी टीचरच्या टेबलावर बटणाची डायरी उघडली आणि प्रत्येक तक्रारीशेजारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची त्या सुमाराची चिठ्ठी ठेवली. लक्ष नसते, आणि चार दिवस आधी कान पिकला. उत्तर देत नाही, आणि आठवडा आधी कान पिकला. चांगल्या कानाच्या आठवड्यांत एकही तक्रार नव्हती. टीचरचा चेहरा उतरत गेला. ती म्हणाली की तिला काय माहीत, ती काही डॉक्टर नाही.

"तुम्हाला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी, तारखेसकट कळलं होतं. डॉक्टरांपेक्षा तुमची नोंद पक्की आहे. फक्त भलत्या रकान्यात केलीत. उद्याच्या बैठकीत हीच डायरी वाचा, पण या चिठ्ठ्यांबरोबर वाचा."

टीचरने वाचली, हे तिच्या बाजूने मांडलं पाहिजे. बटणाला पहिल्या बाकावर आणलं. मागे ठेवायची शिफारस मागे घेतली गेली, सुट्टीत दोन महिने वाचनाचा जादा सराव करून घ्यायच्या अटीवर. तीन आठवड्यांनी डायरीत नवी तक्रार आली. वर्गात फार बोलते. सासूबाईंनी ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली, दुसऱ्यांदा मोठ्याने.

त्याच आठवड्यात एका सकाळी बाई उकळतं पाणी घेऊन न्हाणीकडे निघाल्या. बटण दारात बसून पुस्तक वाचत होती. बाईंच्या तोंडून सवयीने वरच्या पट्टीत निघालं, बाजूला हो, आणि पोर शब्द पुरा व्हायच्या आत उठून भिंतीला चिकटली. ओरडू नकोस, मी इथेच आहे, असं तिने आईला बजावलं. बाई पुढे गेल्या, पाणी बादलीत ओतलं, रिकामं भांडं घेऊन परत आल्या. बटण अजून उभीच होती.

"आई, तू मागे मला मारलं होतंस ना, इथेच? तेव्हा काय म्हणत होतीस?"

भांडं बाईंच्या हातात होतं. रुग्णालय, शिक्केवाला, टीचर, छापखाना, ज्याचं माप त्याच्या पदरात घातलं होतं. हे एक राहिलं होतं, आणि खोडायला लाल पेन पुरणार नव्हता.

त्या खाली बसल्या. आवाज खाली आणायला त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला.

"म्हणत होते, बाजूला हो. पाणी गरम आहे."

बटणाने विचार केला.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली, आणि पुस्तक उघडून परत दारात बसली.